घोट्याचा दाब

हिंदुराव व्हटकर, वय एकोणसत्तर, जवाहरनगर.
केसपेपरवर एवढंच, आणि खाली डॉक्टरांचं अक्षर:
चालताना डावी पोटरी भरून येते.

"पापाच्या तिकटीपास्नं महाद्वारापत्तूर
तीनदा थांबावं लागतंय, बाई.
लोकांस्नी वाटतंय म्हातारा दुकानं बघतोय.
मी बी बघतोय म्हणून सांगतो.
परवा साड्या बघितल्या, धा मिंटं."

दाराशी पायताण काढलेलं, घरचंच, कापशी,
तेल पिऊन काळं पडलेलं.
त्यांना आडवं झोपवलं.
पंख्याखाली दहा मिनिटं काही करायचं नसतं,
रक्ताला जरा बसू द्यायचं.

"आडवं कशापायी?"
"काळीज आणि पाय एका पातळीत यावे लागतात."
"आता व्हय?" छताकडे बघत म्हणाले,
"जन्मभर पाय खालीच हुता की."

दंडाला पट्टा. एकशे अठ्ठेचाळीस.
मग घोट्याच्या वर.
हाडामागच्या खोबणीत गार जेल,
त्यावर पेन्सिलीएवढा डॉपलर तिरका धरायचा
आणि ऐकायचं.
उजवीकडे लगेच भेटला आवाज,
पाटात सोडलेलं पाणी धावावं तसा, एकशे बावन्न.
डावीकडे शोधत राहिले.
केसभर पुढे, केसभर मागे,
पंखा बंद करायला लावला.
मग कुणी लांबून, जिन्यावर पाय घासत यावं
तसं काहीतरी आलं.
एकशे चार.

भागाकार चौथीतल्या पोराला जमेल असा.
घोटा वर, दंड खाली.
एकाच्या आसपास यावं. नव्वद शतांशाच्या खाली गेलं
की मी पेन ठेवते आणि माणसाकडे बघते.
शून्य पूर्णांक सत्तर.

"कमी आला न्हवं? मग बरंच झालं की.
समद्यांचं बीपी वाढतंय, माझं उतरलं."

मी उसाचं सांगू लागले:
शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही तेव्हा
"आमाला शेत कुठलं, बाई,"
त्यांनी मधेच थांबवलं. रागाने नाही.
मी गप्प झाले.
बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला.

मग तेच बोलले.
"कातडं घेताना मी मधलं बघत न्हाई.
मधलं समद्यांचंच चांगलं असतंय.
काठ धरतो, दुमडतो.
काठ तडकला म्हंजे आख्ख्याचं कळलं."
आणि उठून बसत, आपल्याच घोट्याला
गिऱ्हाइकाचा असावा तसं चाचपत,
"हा काठ. व्हय न्हवं?"

हो म्हणाले.
म्हणाले, दुखतंय पोटरीत, पण भीती वरची आहे,
छातीतली, डोक्यातली. नळ्या त्याच, गाळ तोच.
बिडी विचारली.
"चाळीस वरीस. त्येचं माप कोन घेतंय?"

आता आठवलं की हसू येतं, आणि येतही नाही:
त्या पायताणाला, घोट्याच्या अगदी खाली,
दोन बाजूंना दोन कान असतात.
ते नावच आहे त्यांचं.
पन्नास वर्षं त्यांनी ते शिवले, घातले.
रक्त तिथूनच जात होतं, बारीक होत होतं.

निघताना माझ्या चपलेकडे बघितलं.
"डावी टाच आतनं झिजतीया. कंबर दुखती का?"
दुखते. कुणाला सांगितलेलं नाही.
कोऱ्या केसपेपरवर पाऊल ठेवायला लावून
माझ्याच पेनाने कड काढली,
अंगठ्यापाशी थांबून, परत.
"करकर घालत न्हाई तुमच्या जोडाला.
तुमचं काम ऐकायचं."

गोळ्या, रोज अर्धा तास चालणं,
दुखलं की थांबायचं, मग परत चालायचं,
महिन्याने यायचं: सगळं दोनदा सांगितलं.
जिन्याच्या वळणावर ते थांबले.
भिंतीवर क्षयरोगाचं पोस्टर होतं.
ते वाचत नव्हते.
नुसते थांबले होते, कठड्याला धरून,
आणि मागचे लोक
त्यांना वळसा घालून उतरत होते.